लांडगा झालेला राजा

एका राज्यात राज्याभिषेकाच्या दिवशीच राजाचा लांडगा झाला. कपालसेन नावाच्या मायावीने भर दरबारात तरुण जयकेतूला शाप दिला आणि मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. प्रजा हवालदिल झाली. जयकेतूची थोरली बहीण हेमलेखा मात्र रडत बसली नाही.

राजवाड्यातली साळुंकी तिला म्हणाली, "राजकन्ये, शापवनात स्फटिकाचा झरा आहे. त्याचे पाणी राजाला पाज. पण त्वरा कर. त्याचे माणूसपण विझत चालले आहे."

हेमलेखेने कंबर कसली आणि भावाला घेऊन ती वनात शिरली.

प्रथम आडवे आले हिरवेगार कुरण. ती सरळ निघाली, तोच लांडग्याने पदर दातांत धरून तिला मागे खेचले. तिने पुढे काठी फेकली. कुरणाने ती गपकन गिळली. खाली सगळी दलदल होती.

मग आले नितळ तळे. तहानेने तिचा जीव कासावीस झाला होता. तिने ओंजळ भरली, तसा लांडगा गुरगुरला. तिने पाणी ओतून दिले. ते पडले तिथले गवत करपून गेले.

तिसऱ्या वेळी कपालसेनाने वणवा सोडला. मागून वारा, पुढे पुरुषभर उंच वाळलेले गवत. लांडगा पळू पाहत होता. हेमलेखेने मनाशी म्हटले, वाऱ्यापुढे कोण धावणार? तिने चकमक झाडून पुढचेच गवत पेटवले. वाऱ्याने ती आग दूर पळवली. मागे काळी, तापलेली जमीन उरली.

"जयकेतू, इकडे ये!"

दोन्हीकडे ज्वाळा पाहून लांडगा पिसाळला. तिच्यावर दात विचकून उठला. डोळ्यांत ओळख उरली नव्हती. ती हटली नाही. राखेत जाऊन बसली आणि हात पुढे केला.

"ये, बाळा."

थरथरत, पोट जमिनीला घाशीत तो आला. वणवा आला, त्याला खायला काही उरले नव्हते; दोन्ही अंगांनी निघून गेला.

पलीकडेच झरा होता. लांडगा पाणी प्याला आणि जयकेतू उठून उभा राहिला. त्याच घटकेला राजधानीत मुकुट तापून लाल झाला. तो फेकून कपालसेन जो पळाला, तो कोणाला पुन्हा दिसला नाही.

"ताई, माझे पाय पळायलाच निघाले होते," जयकेतू म्हणाला.

"मग आलास कसा?"

"तू कोण, तेही आठवत नव्हते. पण तू बोलावलेस, की यायचे असते, एवढे मात्र उरले होते."

हेमलेखेने त्याच्या केसांतली राख झटकली आणि राजाला घेऊन ती घरी निघाली.