पहिला घास लोहाराचा

पूर्वी शिरीषनगरात अंशुमान नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका लोहाराच्या घरी जन्म घेतला. त्याचं नाव सुबल. बापामागे ऐरण त्याच्याकडे आली, भाता आला, आणि आळीतल्या सगळ्या कोंबड्याही त्याच्याच अंगणात येऊन बसू लागल्या, कारण भट्टीजवळची माती उबदार असे.

सुबल एकच वस्तू घडवी. रुंद पात्याचा, आखूड दांड्याचा, हातात घेताच वजन सांगणारा सत्तूर. खाटकाला हाडं फोडायला तो लागे, आणि घरोघरी फणस चिरायला, सुरण कापायला, नारळ दुभंगायलाही लागे. तलवार मागायला कुणी आलं की सुबल म्हणे, "बाबा, माझ्या लोखंडाला फक्त स्वयंपाकघराची वाट ठाऊक आहे." आता कुणी नाक मुरडेल, की हाडं फोडायची हत्यारं घडवणारा हा कसला बोधिसत्त्व! त्याला माझं इतकंच सांगणं, की कथा संपेपर्यंत थांबा आणि मग खुशाल मुरडा. नाक कुठे पळून जात नाही.

त्या नगरात एक जुना रिवाज होता. नवा सत्तूर ज्या घरात येई, तिथे त्याने चिरलेल्या पहिल्या पदार्थाचा पहिला घास लोहाराला द्यायचा. आपल्याच पोटात जाणार म्हटल्यावर लोहार लोखंडात खोट ठेवत नाही, असा जुन्या लोकांचा हिशेब. सुबल स्वतः मांस खात नसे. त्याच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. लोकांना ते माहीत होतं, म्हणून ते त्याच्यासाठी आधी कोहळ्याची फोड चिरून पाठवीत. तोही आनंदाने खाई आणि म्हणे, "सुखाने वापरा."

सुबलची स्वतःचीही एक रीत होती. कुणी तुटका सत्तूर दुरुस्तीला आणला की तो आधी तुटलेले तुकडे मागे. एकही कमी असला तर भट्टी पेटत नसे. गिऱ्हाइकं चिडत. तो शांतपणे म्हणे, "लोखंड हरवत नसतं. ते कुणाच्या तरी घासात जातं. आधी ते शोधून आणा."

एकदा नगरात मोठी गडबड उडाली. शेजारच्या देशाचा राजा प्रसेनक पाहुणा म्हणून येणार होता. दोन्ही राज्यांत कितीतरी वर्षं लढाया चालल्या होत्या. सीमेवरच्या गावांत चूल पेटवायचीही लोकांना भीती वाटे. आता दोघे राजे एका पंगतीत जेवणार आणि वैर मिटवणार, असं ठरलं होतं. राजाच्या मुदपाकखान्याचा मुख्य आचारी भद्रिक. त्याने या मेजवानीसाठी सुबलकडून नवा सत्तूर घडवून घेतला आणि जाताना सांगून गेला, "पाहुणे खूश झाले तर महाराज तुला राजलोहार करणार आहेत. मी शब्द टाकून ठेवलाय."

सुबलची बायको चंपिका हे ऐकून हरखली. तिला पदवीचं कौतुक नव्हतं, पण राजलोहाराच्या घराला कौलं मिळतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांचं छप्पर गवताचं होतं. भट्टीची ठिणगी उडाली की ती बिचारी पाण्याचा घडा घेऊन शिडी चढायची.

"अहो, कौलं आली की मी ती शिडी चुलीत घालणार आहे, सांगून ठेवते," ती म्हणाली.

"घाल की. मीच फोडून देईन," सुबल हसून म्हणाला.

मेजवानीच्या दिवशी दुपारी भद्रिक धापा टाकत भट्टीवर आला. काखेत फडक्यात गुंडाळलेला सत्तूर होता. त्याने तो ऐरणीवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. पात्याच्या धारेला एक खाच पडली होती, मुगाच्या डाळीएवढी.

"दादा, एवढी घासून दे. लवकर. पंगत बसायची वेळ झाली."

सुबलने पातं उजेडात धरलं. लोखंडाचा रंग पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आचारीबुवा, हे तुम्ही चुलीत घातलंत?"

भद्रिकने मान खाली घातली. झालं होतं ते असं. सत्तुराला धार उत्तम होती, पण भद्रिक पडला राजाचा आचारी. त्याला उत्तमाहून उत्तम हवं होतं. लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवतो आणि त्याने ते कडक होतं, हे त्याने भट्टीवर बसून पाहिलं होतं. मग काय, सकाळी दांडा काढून त्याने पातं चुलीत लाल केलं आणि सरळ गार पाण्याच्या हंड्यात सोडलं. चर्र असा आवाज ऐकून तो खूशही झाला. पण पाणी दिल्यावर लोहार तेच पातं पुन्हा निखाऱ्याशेजारी ठेवतो, हळूहळू ऊब देतो, गव्हाच्या काडीचा रंग चढेपर्यंत राखण करीत बसतो, ते त्याने पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तो जेवायला गेला असावा! अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे सगळ्याच धंद्यांत असतात. ऊब न मिळालेलं पातं कडक झालं आणि हाडाच्या पहिल्याच जाड नळीवर तडकलं.

"तुकडा कुठे आहे?" सुबलने विचारलं.

"असेल तिथेच कुठेतरी. ओट्याखाली. तू धार लाव ना!"

"तुकडा, बुवा."

मग मात्र भद्रिकचा धीर सुटला. तो खाली बसला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "ओटा झाडला, केर चाळला, सगळं केलं. नाही सापडत. रश्श्यातच गेला असणार. हे सांगायला गेलो तर महाराज आधी माझं डोकं उडवतील आणि मग रस्सा ओततील. त्यांचा राग तुला माहीत नाही. आणि न सांगावं, तर पाहुण्याच्या घशात लोखंड अडकेल. ते म्हणतील, दगा केला. बाहेर त्यांचे सैनिक बसलेत रे. माझ्या एका सत्तुरापायी सगळ्या मुलखाला आग लागेल."

सुबलने हातातला हातोडा ठेवला, हात धुतले आणि म्हणाला, "चला."

मुदपाकखान्यात दोघांनी मिळून रश्श्याचं मोठं पातेलं उतरवलं. सगळा रस्सा फडक्यातून गाळला. हाडं एकेक करून चाचपली. आलं, मिरी, पिंपळी सगळं सापडलं, लोखंड तेवढं सापडलं नाही. भद्रिकला हायसं वाटलं.

"म्हणजे रश्श्यात नव्हताच! दादा, वाचलो."

"यातून आधी काही वाढून नेलंय का?" सुबलने विचारलं.

भद्रिकचा चेहरा उतरला. पाहुण्यांचा मान म्हणून मगजाच्या नळ्यांची एक वाटी नुकतीच दरबारात गेली होती. सगळ्यात जाड नळ्या. सत्तूर ज्यांवर तडकला होता त्याच.

सुबल धावत निघाला. दाराशी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की ओरडून उपयोग नाही. 'लोखंड' हा शब्द त्या दालनात उच्चारला, की दोन्हीकडच्या तलवारी उपसल्या जातील आणि पुढचं कुणी ऐकून घेणार नाही. आत राजा प्रसेनकाने वाटी हातात घेतली होती. सुबल सरळ पंगतीसमोर गेला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, नवा सत्तूर माझा आहे. पहिला घास लोहाराचा असतो. मला कुणी बोलावलं नाही, म्हणून मीच आलो."

राजा अंशुमानाच्या मानेच्या शिरा फुगल्या. "अरे लोहारा, घास काय पळून चालला होता? पाहुण्यांच्या हातातली वाटी मागतोस?"

प्रसेनकाला मात्र गंमत वाटली. तो वयाने मोठा, लढाया करून थकलेला माणूस होता. "तुमच्याकडचा रिवाज आहे ना? मग घेऊ दे त्याला," असं म्हणून त्याने वाटी पुढे केली.

सुबलने एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. एक नळी चोखली, मग दुसरी, मग तिसरी. कुणी खाकरलं, कुणी हसलं. कुणीतरी म्हणालं, "भटाला दिली ओसरी!" सुबल थांबला नाही. ज्याच्या घरात अंडं शिजत नसे, तो माणूस भर दरबारात उभा राहून मगज चोखत होता. शेवटच्या नळीत त्याच्या जिभेला काहीतरी टोचलं. त्याने ते गालात सरकवलं, वाटी पालथी करून दाखवली आणि मान लववली.

"हावरट!" अंशुमान उठून उभा राहिला. "याला राजलोहार करणार होतो मी! माझ्या पाहुण्यांची वाटी चाटून पुसून खाल्लीस? चाबकाने फोडून वेशीबाहेर घाला याला!"

सुबलने ओठ घट्ट मिटून घेतले. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. शिपायांनी त्याचे दंड धरले. तेवढ्यात त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची एक बारीक धार हनुवटीवर उतरली.

"थांबा," प्रसेनक म्हणाला. "लोहारा, तोंड उघड."

आता इलाज नव्हता. सुबलने तुकडा काढून तळहातावर ठेवला. तो बघताच प्रसेनकाच्या अंगरक्षकांचे हात तलवारींच्या मुठींवर गेले.

"हे लोखंड माझ्या भट्टीतलं आहे," सुबल म्हणाला. जीभ कापल्यामुळे शब्द जड येत होते. "दगा नाही. अपघात आहे. शिक्षा करायची तर मला करा."

दाराआड भद्रिक उभा होता. तो गप्प राहिला असता तर सुटला असता, ही गोष्ट ध्यानात ठेवा. कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण हा माणूस मांसाला शिवत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने ती वाटी शेवटपर्यंत रिकामी होताना पाहिली होती. त्याला ते सोसवलं नाही. तो धावत आत आला आणि जमिनीवर पडला.

"महाराज, खोटं आहे! याने चांगला सत्तूर दिला होता. मी शहाणपणा केला. मी चुलीत घातला, मी पाण्यात बुडवला. हा मांस खात नाही हो! याने माझ्यासाठी खाल्लं!"

अंशुमान रागाने आधीच लाल झाला होता. हे ऐकून तो एकदम गार पडला. तो गारपणा रागाहून वाईट होता. "आचाऱ्याचं डोकं उडवा," तो हळू आवाजात म्हणाला.

"महाराज," सुबल म्हणाला, "आधी या आचाऱ्याची चूक काय झाली, ती नीट ऐकता का? याने लोखंड लाल तापवलं आणि तापल्या तापल्या गार पाण्यात घातलं. तेवढ्याने पातं कडक होतं, पण कामाचं होत नाही. पहिल्या घावाला तडकतं आणि त्याचे तुकडे पाहुण्याच्या ताटात जातात. म्हणून आम्ही लोहार त्याला पुन्हा ऊब देतो. घाई न करता शेजारी बसून राहतो. मगच ते पातं घराबाहेर जातं." त्याने तळहातावरचा तुकडा पुढे केला. "आपण आत्ता तापला होतात. आता गार झालात. हा हुकूम अजून भट्टीतच आहे महाराज, बाहेर नेऊ नका. थोडी ऊब लागू द्या."

प्रसेनक हसू लागला. आधी हळू, मग अगदी मनापासून. "अंशुमाना, माझ्या ताटात आजवर पुष्कळांनी काय काय घातलं. ते काढून घ्यायला स्वतःचं तोंड पुढे करणारा हा पहिलाच. ज्या नगरात असा माणूस राहतो तिथे दगा नाही. बस खाली, मला भूक लागली आहे."

अंशुमान बसला. त्याच्या मुठी सुटल्या. त्याने भद्रिककडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "ऊठ. पाहुण्यांना नवी वाटी आण. आणि हा पावसाळा लोहाराच्या भट्टीवर बसून काढ. पातं निखाऱ्यावरून उतरेपर्यंत जेवायला उठायचं नाही."

दोघे राजे त्या दिवशी एका पंगतीत जेवले. पुढे सीमेवरच्या गावांत चुली निर्धास्त पेटू लागल्या. प्रसेनकाने जाताना स्वतःच्या मुदपाकखान्यासाठी सुबलकडून एक सत्तूर मागून घेतला, आणि पहिला घास पाठवायला तो विसरला नाही. तो कोहळ्याचा होता.

सुबल घरी पोचला तेव्हा चंपिका दारातच उभी होती. सगळी हकिकत तिच्या कानावर आधीच आली होती. तिने त्याच्या जिभेला तूप लावलं आणि मग म्हणाली, "चाबूक खाल्ला असतात म्हणजे? मला कौलं नकोत अन् काही नको. तुम्ही तेवढे धडधाकट घरी येत जा." ती रडली आणि मग जिभेची दशा पाहून हसलीही. कौलं मात्र दुसऱ्याच दिवशी आली. शिडी सुबलने फोडून दिली, त्याच सत्तुराने, त्याला नवं पाणी आणि पुरेशी ऊब देऊन.

भिक्खूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा त्यांना एका सकाळी सांगितली. आदल्या दिवशी विहारात कुंडिक नावाच्या तरुण भिक्खूच्या हातून तेलाचं मडकं फुटलं होतं, आणि धम्मिल नावाच्या वडीलधाऱ्या थेरांनी रागाच्या भरात त्याला तिथल्या तिथे विहाराबाहेर घालवलं होतं. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा आचारी भद्रिक म्हणजे आजचा कुंडिक. चंपिका म्हणजे आज आपल्याला रोज भिक्षा वाढणारी कोपऱ्यावरची कुंभारीण. राजा प्रसेनक म्हणजे तिचा म्हातारा बाप. सुबल लोहार मीच होतो."

"आणि राजा अंशुमान, भन्ते?" कुणीतरी विचारलं.

शास्त्यांनी दाराकडे पाहिलं. थेर धम्मिल आपल्या आसनावरून उठले होते आणि चीवर सावरीत वेशीच्या वाटेला लागले होते. थोड्या वेळाने ते परत आले, तेव्हा कुंडिक त्यांच्याबरोबर होता आणि नवं मडकं थेरांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं.

"ही करुणेची पारमिता, तिची परिपूर्णता," शास्ते म्हणाले.