भुकेला खोडरबर

फार फार पूर्वी, दप्तरातल्या वस्तू बोलायच्या ना, तेव्हाची गोष्ट. शुद्धलेखनात शाल्मलीचा शब्द चुकला रे चुकला, की तिचा खोडरबर तो गट्टम करायचा!

"अरे, बाईंना चूक दिसली तर त्या शिकवतील ना!" पेन्सिल कळवळायची.

"गप गं! वही कशी चकाचक दिसतेय बघ!"

पण त्याची भूक वाढतच गेली. बरोबर शब्दही संपले. शेवटी त्याने कव्हरवरचं नावसुद्धा खाल्लं.

"ही कोरी वही कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी!" शाल्मली ओरडली. कोणीच वळलं नाही. बाईंची नजर तिच्या आरपार गेली.

पेन्सिल वहीकडे धावली. तिने घाईघाईत कव्हरवर नाव लिहिलं, तेही चुकीचं.

"अगंबाई, शाल्मली! कधी आलीस? नाव चुकलंय बघ. ये, शिकवते."

रबर हळूच पुढे सरकला. पेन्सिल नावासमोर आडवी पडली.