अंगाचं ताट

समुद्र काचेत मावायला लागला, त्या काळातली ही गोष्ट. मत्स्यालयातल्या हरणाबाईंनी एका जिवंत पोवळ्याचे दोन तुकडे केले. आधी तोडली ती थोरली. तिला दिव्याखाली उंच खडकावर चिकटवली. धाकटी हातातून निसटली आणि सावलीतल्या कपारीत रुजली.

वर्षभरात थोरलीला झुडपासारख्या फांद्या फुटल्या. धाकटी नुसती आडवी पसरली.

"तू कसली माझी बहीण? थापलेली भाकरी तू!" थोरली खिदळली. डोक्यावर दिवा असला की जीभ अशीच सुटते.

"ताई, इथे उजेड थेंबभरच येतो. तो सांडू नये म्हणून अंगाचंच ताट केलंय."

पुढे तो प्रखर दिवा जळून गेला, त्या जागी मंद दिवा आला. थोरलीच्या खालच्या फांद्या मरू लागल्या. तिची मिजास उतरली.

"धाकटे, मी जगू कशी गं?"

"उंच जाऊ नकोस. पसर."

काही महिन्यांनी हरणाबाई काचेला नाक लावून थबकल्या. थोरलीच्या फांद्यांना टोकाशी पातळ, रुंद ताटल्या फुटल्या होत्या.

"बाई गं! उजेड बघून हे पोवळं अंग घडवतं, आणि जन्मभर मी याला दगड म्हणत आले!"

कपारीतून धाकटी म्हणाली, "ताई, भाकरी झकास थापलीस हो!"