झांबरे शेठची तेरावी गाडी

"हात लावायचा नाही, बॉनेट उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही! नुसत्या नजरेने ओळख या फाटकाच्या आतली सगळ्यात खणखणीत गाडी. ओळखलीस तर दोन लाखांत तुझी. चुकलीस, तर मी देईन ती गाडी त्याच दोन लाखांत मुकाट न्यायची!"

जुन्या गाड्या विकणारे झांबरे शेठ एवढं बोलून खुर्चीत रेलले. वैजूचा गुन्हा एकच. तिने "मेकॅनिकला दाखवून घेते" असं म्हटलं होतं. शेठच्या दुकानात हे बोलणं म्हणजे लग्नघरात नवऱ्या मुलाचा पगार विचारणं!

वैजूला गाडी मिरवायला नको होती. कारखान्यातल्या साठ माणसांचे जेवणाचे डबे ती पुरवायची. डबे नेणारा रिक्षावाला गाव सोडून गेला होता आणि कारखान्याने बजावलं होतं, सोमवारी साडेबाराला गरम डबे आले नाहीत तर काम दुसऱ्याला. आज होता शुक्रवार. एक खटारा गळ्यात पडला की पैसेही गेले आणि कामही.

सोबतीला दिगंबरमामा होते, शेठच्या जुन्या ओळखीतले. "एक मोठं माणूस बरोबर असू दे," म्हणून घरच्यांनी पाठवलेले. मोठं म्हणजे वयाने. मामांनी जन्मात एकच वाहन चालवलं होतं, लूना, आणि तीही बहुतेक उतारावर.

"ती लाल घे वैजू!" मामा म्हणाले. "नंबरची बेरीज नऊ येते. आणि सीटचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही बघ."

"मामा, डबे सीटवर ठेवायचेत. बेरजेवर नाही."

"मोठ्यांना उलट बोलतेस?"

"मोठे सुलट बोलले असते तर मी कशाला उलट बोलले असते?"

शेठना मजा वाटली. "काय मग पोरी? लावतेस पैज?"

"लावते. पण उद्या सकाळी आठपासून मला इथे बाकावर बसू द्या. हात लावणार नाही, काही विचारणार नाही. नुसती बसेन."

"बस की! बसून कुणाला गाडी कळली असती तर आमचे दिगंबरराव इंजिनियर झाले असते!"

मामा यावरही हसले. शेठ बोलले की हसायचं, एवढं एकच काम त्यांनी आयुष्यभर नेमाने केलं होतं.

शनिवारी आठच्या ठोक्याला वैजू बाकावर हजर. दुकानातल्या दोन कामगारांनी फाटक उघडलं. बारा छोट्या गाड्या ओळीत उभ्या होत्या, रात्री पॉलिश मारून नवरीसारख्या सजवलेल्या. एक लाल, एक निळी, एक तर चक्क जांभळी. पण महिना महिना एका जागी उभं राहून सगळ्यांच्या बॅटऱ्या झोपलेल्या!

कामगार थेट पत्र्याच्या शेडमागे गेले. तिथे एक राखाडी गाडी उभी होती. दाराला पोचा, टपावर उडालेला रंग, काचेवर चिखल. एकाने चावी अर्धी फिरवली न फिरवली तोच ती सुरू झाली. ना खोकली, ना धूर. मग तिला एकेका गाडीपुढे उभी करून, तिच्या बॅटरीपासून वायर जोडून, बाराच्या बारा गाड्या त्यांनी उठवल्या. लाल तर दोनदा उठून परत झोपली. तिला शेवटी ढकललं. ती हलली तेव्हा खाली तेलाचा थाळीएवढा डाग दिसला. कामगाराने पायाने त्यावर माती सारली.

मग राखाडी गाडी शेठच्या नातवंडांना शाळेत सोडून आली. नंतर दूध घेऊन आली. नंतर पाण्याचे चार जार. ती जिथे जिथे थांबली तिथली जमीन कोरडी ठणठणीत!

दहाला शेठ आले. बारा गाड्या घुरघुरत होत्या, प्रत्येकीच्या नाकावर झेंडूचं फूल. मामाही आले, लाल गाडीपुढे फोडायला नारळ घेऊनच.

"बोल पोरी! कुठली?"

वैजूने शेडकडे बोट दाखवलं. "ती राखाडी."

शेठ ताडकन उठले. "ती? ती विकायची नाही! दुकानाची आहे ती!"

"तुम्ही म्हणालात, फाटकाच्या आतली. ती बाहेर आहे का?"

"अगं, तिच्यात काय आहे! दाराला पोचा आहे, रंग उडालाय, मागची काच नीट खाली होत नाही. आणि किती पळालीय, माहितेय? दीड लाख किलोमीटर!"

तीस वर्षांच्या धंद्यात शेठ पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला गाडीचे दोष सांगत होते.

"वैजू, ऐक शेठचं!" मामा कळवळले. "अनुभवी माणूस आहे!"

"त्यांचंच ऐकते मामा." वैजू शेठकडे वळली. "शेठ, मी चुकले असेन तर बोललात तसं करा. ओळीतली द्याल ती गाडी मुकाट नेते. फक्त सोमवारी सकाळी राखाडीला घरी ठेवा. मला देणार आहात ती गाडी बाकीच्या अकरा जणींना उठवू दे, आणि मग तुमची नातवंडं त्याच गाडीतून शाळेत जाऊ देत. लगेच नेते!"

शेठनी लाल गाडीकडे पाहिलं. निळीकडे पाहिलं. त्याच वेळी जांभळी एक उचकी देऊन बंद पडली.

आधी शेठच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग शेठ असे खदाखदा हसले की खुर्चीचा हात निसटून हातात आला!

"बारा सुना नटवून बसवल्या आणि पोरीने घर चालवणारी पळवली!" डोळे पुसत त्यांनी राखाडीची चावी वैजूच्या हातावर ठेवली. "ने! दोन लाख, कागदपत्रांचा खर्च माझा. चार टायर नवे घालून देतो. आणि सोमवारपासून दुकानाचे आठ डबे तुझ्याकडून."

"पाठवते शेठ. कधी?"

"सकाळी लवकर ये बाई! तुझी गाडी आल्याशिवाय माझं दुकान चालू व्हायचं नाही!"