बटवेवालीचा चोरकप्पा

फार जुन्या काळची गोष्ट, मुलांनो; आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुमचीही. तेव्हा भिंतीवरच्या पालींना बोलता येत असे, आणि माणसं त्यांचं बोलणं मनावर घेत असत.

एका डोंगरी राज्यात एक बटवेवाली राहत होती. पिशव्या, चंच्या, बटवे, सगळं हाताने शिवायची. कुणाच्या हाताखाली राबायची नाही आणि एकासारखा दुसरा बटवा कधी करायची नाही. "तोच पुन्हा शिवायचा तर नवं कापड कशाला फाडू?" म्हणायची. तिची खासियत होती चोरकप्पा. अस्तराच्या आड ती असा एक कप्पा लपवायची की मालकाच्या बोटांना तो अलगद सापडावा आणि खिसेकापूच्या बोटांना जन्मात सापडू नये.

कापडाला रंग द्यायची शेजारची रंगारीण. नाड्या आणि गोंडे वळून द्यायचा म्हातारा पटवेकरी. रेशमाला पीळ देऊन देऊन त्याची मांडी पाटीसारखी गुळगुळीत झाली होती. तिघं एकाच ओसरीवर बसत आणि दिवसभर एकमेकांची टर उडवत. बटवा पुरा झाला की रंगारीण तो उजेडात धरून म्हणायची, "बाई, कडेला जरा खेचलाय हो." मग बटवेवाली तोंड वाकडं करून तो उसवायची आणि पुन्हा शिवायची.

एकदा बाजारात तिला एका परक्या बाईच्या कमरेला एक विटका बटवा दिसला. बाईने सुपारी काढायला आत घातलेली बोटं अस्तराच्या मागे गेली. चोरकप्पा! बटवेवाली पुढे धावली, तोवर बाई गर्दीत दिसेनाशी झाली.

घरी येऊन ती स्वतःशीच म्हणाली, "कुणीतरी माझी कला चोरतंय."

"चुक् चुक्," भिंतीवरची पाल चुकचुकली.

बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं, असं त्या गावात मानत. बटवेवालीने बोटाने जमिनीवर टकटक केलं आणि "खरं, खरं" म्हटलं. मग जरा थांबून, हळूच, "पटवेकरी असेल का?" असं विचारलं. पाल पुन्हा चुकचुकली. झालं! इकडे न्याय झाला, आणि बिचाऱ्या आरोपीला पत्ताही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पटवेकऱ्याला बाजारातल्या बटव्याचं सांगितलं. तो खो खो हसला. "जांभळा ना? अगं पोरी, तो तुझाच! पंधरा वर्षांमागचा. रंग उडालाय, म्हणून तुला ओळखू आला नाही."

"जांभळा होता हे मी कुठे बोलले?"

"ती बाई काल त्याला नवी नाडी घालून घेऊन गेली ना माझ्याकडून."

"म्हणजे बटवा तुमच्या हातात होता तर!"

म्हाताऱ्याचं हसू ओठांवरच विरलं. संशयाला उत्तर दिलं की त्याचं पोट भरत नाही, उलट भूक वाढते. पटवेकऱ्याने आपलं रेशीम गोळा केलं आणि ओसरी उतरून तो निघून गेला.

त्याच सुमारास राणीने दवंडी पिटवली. राजकन्येचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्या कमरेला लावायचा बटवा बटवेवालीनेच करावा असा हुकूम होता. असा बटवा हातून घडण्याची संधी आयुष्यात एकदाच येते, हे तिला कळत होतं. आनंदाने तिला जेवण गेलं नाही. पण आनंदाच्या मागोमाग भीती आली. ह्या बटव्याची नक्कल झाली तर?

रंगारीण कौतुकाने म्हणाली, "दाखव की, कुठवर आलाय?"

बटवेवालीने बटवा पदराखाली घेतला. "तुला कशाला एवढी चौकशी?"

"अगं, वीस वर्षं ह्या हातांचा निळा रंग जात नाही, तो तुझ्याच कापडांचा आहे. आणि मी चोर?" रंगारणीचे डोळे भरून आले.

बटवेवालीलाही गलबलून आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात पाल चुकचुकली. तिने दार लावून घेतलं.

मग तिने खिडक्यांना गोणपाट ठोकलं. रंग स्वतः उकळला, नाडी स्वतः वळली. पीळ उलटा पडतोय हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. तरी बटवा देखणा झाला. दोन महिने रक्त आटवून तिने त्यावर मोर काढला होता आणि चोरकप्पा असा लपवला होता की तिचं तिलाच नवल वाटावं.

निघायच्या दिवशी पाल म्हणाली, "बाई, मीही चालले. खिडक्या बंद केल्यास, माश्या यायच्या थांबल्या. उपाशी किती राहू?"

"माश्यांचं काय? तू तर मला चोर दाखवत होतीस!"

"मी? तोंडातली माशी हुकली की मी चुकचुकते. तू काय बोलत होतीस ते मी ऐकलंही नाही."

बटवेवालीने डोळे बारीक केले. "हिलाही फितवलंय कुणीतरी," ती पुटपुटली. आणि वाटेत कुणी आत डोकावू नये म्हणून तिने सगळा जोर लावून नाडी ओढली.

दरबारात राजकन्येने मोरावरून हात फिरवला. तिला बटवा फार आवडला. तिने नाडी ओढली, पण बटवा उघडेना. पुन्हा ओढली, तर उलटा पीळ नेफ्यात आणखीच आवळला. बटवेवालीने प्रयत्न केला, दातांनीसुद्धा. पहारेकऱ्याने बटवा हातात घेऊन चाचपला आणि त्याचा चेहरा बदलला.

"राणीसाहेब, अस्तराआड काहीतरी लपवलंय. जहर असलं तर?"

"नाही हो, तो रिकामा चोरकप्पा आहे!" बटवेवाली ओरडली.

"चोरकप्पा?" पहारेकरी म्हणाला, आणि त्याने सुरी चालवली. मोर उभा चिरला गेला. आत काहीच नव्हतं.

बटवेवाली मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

राणीला वाईट वाटलं. तिने नाडी बोटांत धरून पाहिली. "ही नाडी पटवेकऱ्याची नाही. त्याचा पीळ मी ओळखते."

"मीच वळली, राणीसाहेब. त्याचा मला भरवसा वाटेना."

"मग माझ्या माणसांनी तुझा भरवसा का धरावा?"

जो चोरकप्पा ओसरीवरच्या दोन माणसांना दिसू नये म्हणून बटवेवालीने घराच्या खिडक्या बुजवल्या होत्या, तो शंभर लोकांसमोर उघडा पडला होता. आणि त्यातल्या एकानेही वाकून पाहिलं नाही, की तो शिवला कसा.

म्हणून सांगतो: जो साऱ्या जगावर संशय घेतो, त्याचं खरं बोलणंही जगाला खोटं वाटतं.