पिंपळसोंडची पहिली ओंजळ

सकाळी तुम्ही जे पाहिलंत, त्याचीच ही गोष्ट. नळाला पाणी आलं तरी आमच्या पिंपळसोंडात कोणी लगेच हंडा लावत नाही. आधी थोडं पाणी वाहू देतात. मग घरातली मोठी बाई ओंजळ भरते, नाकाशी नेते, घोट घेते, आणि घरातल्या प्रत्येकाला वास घ्यायला लावते. कोणी ‘वास येतोय’ म्हटलं तर हंडा भरायचा नाही. तुमच्यातल्या एकांना हसू आलं, ते मी पाहिलं. येऊ द्या, बाटलीतलं पाणी पिणाऱ्या माणसांना येणारच. आणखी एक सांगतो, या गावात पाण्यात वाळा टाकत नाहीत. वैशाखात अंगाची लाही होत असली तरी माठात वाळा नाही, की लग्नाच्या पिंपात केवडा नाही.

आमच्याकडे नळ फार जुने. लोखंडाचे नव्हेत, खापराचे, कुंभारांनी भाजलेले. त्या काळच्या देशमुखांना मूल होत नव्हतं. त्यांनी डोंगरावरच्या महादेवाला नवस केला, मुलगा झाला तर तुझ्या झऱ्याचं पाणी गावात आणीन. मुलगा झाला. त्याचं नाव रायाजी. देशमुखांनी शब्द पाळला, डोंगरापासून वेशीपर्यंत नळ घातले आणि वाटेत दोन हौद बांधले, वरचा आणि खालचा. रायाजी आणि हे पाणी एका वयाचे, असं लोक म्हणत. पाण्याला तीर्थ म्हणत आणि पायात वहाणा घालून हौदावर जात नसत.

नळांचे सांधे राखायचं काम येसाई कुंभारणीकडे होतं. नवरा गेल्यावर ते तिच्याकडे आलं. तागाच्या दोऱ्या चुन्यात आणि तेलात भिजवून ती सांधे बांधायची. घरात सून होती आणि ठकी नावाची तीन वर्षांची नात.

रायाजी पन्नाशीला आले, त्या वर्षी आषाढात खालच्या हौदाच्या पाण्याला वास येऊ लागला. वास सगळ्यांनाच येत होता, पण तीर्थाला वास येतो असं म्हणणार कोण? मग आमच्या शहाण्या पूर्वजांनी काय केलं असेल? हौदात वाळ्याच्या जुड्या टाकल्या. वास वाढला तशा जुड्या वाढवल्या. पुढे केवडा आला, कापूर आला. पाणी देवघरासारखं घमघमायला लागलं आणि गावात पोरं हगवणीनं मरायला लागली. सोळा दिवसांत नऊ पोरं गेली म्हणे. आजही हे सांगताना मला आमच्या गावाची लाज वाटते.

ठकी अंथरुणाला खिळली तेव्हा येसाई उठली. वरच्या हौदावर जाऊन तिनं पाणी चाखलं, ते गोड होतं. खालच्या हौदावर येऊन वाळा बाजूला सारून चाखलं आणि थुंकून टाकलं. दोन्ही हौदांच्या मधे नळावर एकच नवी गोष्ट झाली होती, रायाजी देशमुखांचा गोठा. ती सरळ त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

“धनी, गोठा उकला. खाली नळ फुटलाय.”

रायाजी संतापले. “माझ्या बापाच्या नवसाचं पाणी हाय ते. ते नासलं म्हंतीस?”

“पाणी न्हाई नासलं, धनी. पाण्याची वाट नासली.”

सगळं गाव जमलं होतं. एकानंही तिच्या बाजूनं तोंड उघडलं नाही. रायाजी म्हणाले, “आठ दिस त्याच हौदाचं पाणी पिऊन दाव. तुला काय झालं, तर मी गोठा उकलीन.”

येसाईनं सुनेला सांगितलं, ठकीला वरच्या हौदाचं पाणी उकळून चमच्याचमच्यानं पाज, आणि माझ्याकडं येऊ नको. मग ती खालच्या हौदाच्या पायरीवर बसली. वाळा सारायची, ओंजळ भरायची, लोकांकडे बघत प्यायची. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली. लोक म्हणाले, वय झालंय. पाचव्या दिवशी तिला बसवेना, तेव्हा आडवी पडून प्यायली. सहाव्या दिवशी सकाळी रायाजी स्वतः हौदावर आले आणि म्हणाले, “बास कर, म्हातारे.” ती म्हणाली, “गोठा उकलला का?” तिनं त्यांच्यासमोर आणखी एक ओंजळ घेतली. दुपारी ती गेली.

असं सांगतात की रायाजींनी गडी बोलावला नाही. स्वतः कुदळ घेतली. गोठ्याचा मधला खांब उपटला, तर तो रोवताना नेमका नळावर बसला होता. खापर चिरडलं होतं आणि गोठ्याचं सगळं मूत त्यातून पाण्यात उतरत होतं. त्या खड्ड्यात बसून रायाजी पोरासारखे रडले. एक शब्द ऐकला असता तर एक बाई आणि त्या सहा दिवसांत गेलेली पोरं वाचली असती. नळ नवा झाला. ठकी वाचली, पण तिची आजी तिला परत मिळाली नाही. त्याच दिवशी हौदातल्या जुड्या काढून रायाजींनी सगळ्या गावासमोर शपथ घातली: या पाण्यात कोणी सुगंध घालायचा नाही, आणि कोणीही, अगदी कोणीही, वास येतो म्हणालं तर आधी खणायचं, मग बोलायचं.

आजही आम्ही ते पाळतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत शिंगाड्यांकडे कावेरी नावाची नवी सून आली. चौथ्याच दिवशी ओंजळ नाकाशी नेऊन ती घाबरत म्हणाली, “आत्या, वास येतोय.” सासूनं घेतला, तिला नाही आला. आम्ही आळीपाळीनं घेतला, कोणालाच नाही आला. नगरपंचायतीचा पाणीवाला आला, दोन पेले प्यायला, मान हलवली. तरी गल्लीतल्या सगळ्या तोट्या बंद केल्या आणि रस्ता खणायला घेतला. दोन दिवस खणत होतो. दोन दिवस बायांनी डोंगरावरून पाणी वाहिलं. नळ शाबूत निघाला, एकही सांधा सुटलेला नव्हता. मुरूम लोटून रस्ता बुजवला. कावेरी दाराआड उभी राहून रडत होती. तिची सासू डोक्यावरचा हंडा उतरवून तिच्याजवळ गेली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “उद्या परत आला, तर परत सांग.”