झाकलेल्या पेल्यावरचं दूध

एकदा एका आईच्या मनात संशयाने घर केलं, की तिच्या खंडूचा पाय डॉक्टरांनीच बिघडवला आहे. पोर नवसाचं, म्हणून ती त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे. तरी ओट्यावरून पडल्याचं निमित्त झालं आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, पण एक्स-रे फोटोत हाड जुळलेलं काही दिसेना. पाय कायमचा अधू झाला तर, ही धास्ती तिला लागली होती.

प्लास्टर घातलं होतं एका वृद्ध डॉक्टरांच्या तरुण शिष्याने. त्याचा संशय वेगळाच. गुरूंसोबत घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "ताई, दूध पोराला देता, की चहात घालता?"

"आमचा चहा कोराच असतो!" ती फणकारली. "पाय बांधताना तुमचं लक्ष कुठं होतं, ते सांगा आधी."

वृद्ध डॉक्टरांनी एक रिकामा पेला ताटलीने झाकला आणि खंडूसाठी तापवलेलं दूध सावकाश त्या ताटलीवर ओतू लागले. दूध ओघळून जमिनीवर आलं.

"अहो डॉक्टरबाबा, सांडतंय की सगळं!" शिष्याची चूक झाकायला म्हातारा नाटक करतोय, असंच तिला वाटलं.

"रोज असंच होतंय, बाई," ते म्हणाले. "दूध तुम्ही देता, पाय यानेही नीट बांधलाय. पण दुधातलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं. खंडूचं रक्त तपासलं, त्यात ते फार कमी निघालं. मुलाला ऊन मिळतं का?"

"रोज खिडकीशी बसवते की! काच लावून. वारं नको लागायला, कुणाची दृष्टही नको."

"काचेतून ऊब येते. हे जीवनसत्त्व अंगात तयार करणारा उन्हातला भाग काचेबाहेरच राहतो. मी त्याचे थेंब देतो, ते सांगितले तेवढेच द्या, जास्त झाले तर बाधतील. आणि मुलाला थोडा वेळ अंगणात न्या."

"अन् तिथं कुणी वाईट नजरेनं बघितलं तर?"

"तुम्ही बसा ना शेजारी."

मग ती खंडूच्या खाटेचं एक टोक धरून शिष्यावर खेकसली, "बघत काय राहिलात? उचला!"

खाट दारात अडली. "जरा तिरकी करा, ताई," तो हळूच म्हणाला.

आणि तिने पहिल्यांदाच त्याचं ऐकलं.